रुग्णसाहित्य केंद्रासाठी देणगी आणि सीएसआर निधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाउलर बेड, व्हीलचेअर, कमोड चेअर, वॉकर, एअर मॅट्रेस, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असं साहित्य अनामत घेऊन घरी वापरायला देणारी केंद्रं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. कुठे गणेश मंडळ चालवतं, कुठे ज्येष्ठ नागरिक संघ, कुठे ज्ञातिसंस्था. पहिले दोन बेड बहुधा कुणीतरी आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेले असतात. तिसऱ्या बेडपासून अर्ज, कोटेशन आणि हिशेब यांची गाठ पडते. त्या टप्प्यावरचे, गावातल्या देणगीपासून कंपन्यांच्या सीएसआर निधीपर्यंतचे (कंपन्यांनी नफ्यातून सामाजिक कामावर करायचा कायदेशीर खर्च) प्रश्न इथे घेतले आहेत.

आमचं गणेश मंडळ आहे. दरवर्षी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतो. तेवढ्यावर अर्ज करता येईल का?

नाही. ती परवानगी कलम ४१ क खालची, त्या उत्सवापुरती वर्गणी गोळा करण्याची असते. तिला नोंदणी समजू नका. मोठ्या देणगीसाठी मंडळ महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेलं हवं. नोंदणी क्रमांक ‘ई’ने सुरू होत असेल तर तुमचा न्यास आहे, ‘एफ’ असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था. दोन्ही चालतात.

नोंदणी असूनही अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा उद्दिष्टांमुळे. घटनेत ‘सांस्कृतिक व क्रीडाविषयक उपक्रम’ एवढंच लिहिलेलं असतं. वैद्यकीय मदत किंवा रुग्णसेवा हे शब्द नसतील तर देणगीदाराचा सीए तिथेच थांबतो. आधी सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्ती करा, धर्मादाय कार्यालयात नोंदवा, मग अर्ज करा. घाई असेल तर गावातल्या दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत जाता येतं, पण मग साहित्य त्या संस्थेच्या नावावर चढेल. केंद्र कोण चालवणार, मोडतोड कोणाची, उद्या फाटलं तर बेड कोणाकडे राहणार, हे आधीच कागदावर आणा. दोन्ही अध्यक्ष शाळासोबती असले तरी.

कागदपत्रं कोणती लागतात, आणि अडतं कुठे?

नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा न्यासपत्र, शेड्यूल-१ चा उतारा (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला, विश्वस्तांची नावं असलेला), संस्थेचं पॅन, आयकर खात्याची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) नोंदणी, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, रद्द केलेला धनादेश, नीती आयोगाच्या पोर्टलवरचा दर्पण क्रमांक आणि विश्वस्तांचा ठराव. कंपनीकडे जाणार असाल तर सीएसआर-१ या नोंदणी फॉर्मचा क्रमांकही. हा फॉर्म कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर भरतात, त्यावर विश्वस्ताची डिजिटल सही आणि सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणीकरण लागतं. १ एप्रिल २०२१ पासून त्या क्रमांकाशिवाय कंपनी संस्थेमार्फत सीएसआरचा पैसा खर्च करू शकत नाही.

यादी सोपी दिसते. अडतं ते शेड्यूल-१ वर. उताऱ्यावर नावं जुन्या विश्वस्तांची, त्यातले दोघे वारलेले, आणि अर्जावर सही नव्या सचिवांची. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद) द्यायचा असतो. तो दिलेलाच नसतो किंवा दिला तरी मंजूर झालेला नसतो. प्रलंबित असेल तर दाखल केल्याची पोच आणि ठरावाची प्रत जोडा, काही देणगीदार तेवढ्यावर पुढे जातात. रिपोर्ट दाखलच केला नसेल तर दुसरा कुठलाही कागद जमवण्याआधी ते काम हातात घ्या.

दुसरी अडचण नावाची. नोंदणीवर ‘श्री गणेश मित्र मंडळ’, पॅनवर ‘गणेश मित्र मंडळ’, बँकेत ‘श्री गणेश मित्र मंडळ ट्रस्ट’. माणसाला एकच वाटतं, पोर्टलला तीन वाटतात. पॅन दुरुस्त करून घ्या.

तिसरी मुदतीची. जुनी कायमस्वरूपी १२ए आणि ८०जी पत्रं आता चालत नाहीत, २०२१ नंतर सगळ्यांना नव्याने नोंदणी घ्यावी लागली. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी पुढचा अर्ज करायचा असतो, आणि काम आधीच सुरू झालं असेल तर त्याहूनही लवकर. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. बोलण्यात मात्र सगळे अजून ‘एटीजी’च म्हणतात.

मागायचं कुणाकडे?

मागणीच्या आकारावर ठरवा. एक-दोन बेडसाठी गावातलीच माणसं बरी : स्मरणार्थ देणगी, डॉक्टर, व्यापारी संघ, पतसंस्था, देवस्थान. तिथे दहा पानी प्रस्ताव नको, एक पानी पत्र आणि कोटेशन पुरतं. देवस्थानांच्या बाबतीत एक चौकशी आधी करा. अनेक न्यास वैयक्तिक रुग्णाला उपचारासाठी मदत देतात, पण संस्थेला साहित्यासाठी देत नाहीत. चुकीच्या फॉर्मवर केलेला अर्ज पडून राहतो.

लाख-दोन लाखांसाठी रोटरी किंवा लायन्सचा स्थानिक क्लब. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण तिथे प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा आणि दोन देशांतले क्लब भागीदार लागतात. पाच बेडसाठी तिकडे जाऊ नका. डिस्ट्रिक्ट ग्रँट छोट्या कामांसाठीच असते, क्लबच्या सचिवांना तिच्याबद्दल विचारा.

त्यापुढे सीएसआर. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक मर्यादा मागच्या वर्षी गाठलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. नफ्याच्या निकषामुळे तालुक्याच्या एमआयडीसीतली मध्यम कंपनीही यात येते, आणि छोट्या केंद्राला तीच सोयीची. कायदाच सांगतो की कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं. शिवाय ज्या कंपनीचा सीएसआर खर्च ५० लाखांपर्यंत आहे तिला वेगळी समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. म्हणजे मुंबईच्या बड्या कंपनीच्या पोर्टलवर अर्ज टाकून वाट पाहण्यापेक्षा शेजारच्या कारखान्याच्या संचालकांची वेळ मागणं केव्हाही चांगलं.

एक अट मात्र कडक आहे. संस्था कंपनीने स्वतः किंवा सरकारने काढलेली नसेल तर अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. नव्या केंद्राने पहिली तीन वर्षं लोकवर्गणीवर काढावीत आणि नोंदी चोख ठेवाव्यात.

अर्ज वर्षात कधी करावा?

कंपनीचं अंदाजपत्रक एप्रिल-मेमध्ये ठरतं, तेव्हा प्रस्ताव टेबलावर असावा. दुसरी संधी जानेवारीत. ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत टाकावी लागते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत ‘लगेच काय देता येईल’ असा फोन येतो. ज्यांच्याकडे ताजं कोटेशन आणि पूर्ण फाइल असते त्यांनाच तो उपयोगी पडतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मिळालेल्या पैशात ३१ तारखेच्या आत बेड, बिल आणि फोटो द्यायचे असतात, हे पुरवठादाराशी आधीच बोलून ठेवा.

किती नग मागायचे हे कसं ठरवावं?

नोंदवहीवरून. समजा वर्षात ४८ कुटुंबांनी बेड मागितला, म्हणजे महिन्याला ४. परत आलेल्या बेडच्या तारखा पाहिल्या तर एक बेड सरासरी ७५ दिवस, म्हणजे अडीच महिने, घरी राहतो. ४ गुणिले अडीच, १० बेड कायम बाहेर असणार. एक दुरुस्तीत धरा, ११. हातात ६ आहेत, तर मागणी ५ ची.

या हिशेबासाठी ४८ मध्ये रिकाम्या हाताने परत गेलेलेही मोजलेले हवेत. बहुतेक केंद्रांची वही फक्त दिलेल्या साहित्याची असते, त्यामुळे मागणी कायम जेवढा साठा तेवढीच दिसते. आजच वहीत एक रकाना वाढवा : ‘मागितलं, दिलं नाही, कारण’. प्रस्तावातलं सगळ्यात वजनदार पान तिथून तयार होतं.

प्रस्तावात नेमकं काय लिहावं?

‘गोरगरीब व गरजू रुग्णांची सेवा हीच ईश्वरसेवा मानून आमची संस्था गेली अनेक वर्षे अविरत कार्यरत आहे’ हे वाक्य वाचणाऱ्याने त्या दिवशी आधीच चारदा वाचलेलं असतं. त्याऐवजी असं लिहा :

‘एप्रिल ते मार्च या काळात ४८ कुटुंबांनी बेड मागितला. ३१ कुटुंबांना बेड दिला, १७ परत गेली. आमच्याकडे ६ बेड आहेत. आणखी ५ मिळाल्यास प्रतीक्षा संपेल.’

खाली अंदाजपत्रक. आकडे तुमच्या कोटेशनमधले घाला, मांडणी अशी ठेवा : फाउलर बेड ५, प्रत्येकी १६,००० प्रमाणे ८०,०००. एअर मॅट्रेस ७, प्रत्येकी ३,००० प्रमाणे २१,०००. कमोड व्हीलचेअर ४, प्रत्येकी ५,००० प्रमाणे २०,०००. वाहतूक व जोडणी ६,०००. दोन वर्षांची दुरुस्ती १२,०००. एकूण १,३९,०००. संस्थेचा वाटा ३०,०००, मागणी १,०९,०००.

बेड पाच आणि मॅट्रेस सात का, असं विचारलं जाईल. मॅट्रेस परत येते तेव्हा तिला बहुधा टाचणीएवढं भोक तरी असतं किंवा पंप बंद तरी. हे कारण प्रस्तावातच एका ओळीत द्या. संस्थेचा वाटा मात्र खरा असावा, तो बँक खात्यात दिसला पाहिजे.

जागेचा उल्लेख विसरू नका : साहित्य ठेवायला किती चौरस फूट, जागा कोणाची, भाडेकरार आहे का, कुलूप कोणाकडे, फोन कोण उचलतो.

कोटेशन तीन का, आणि त्यात काय पाहायचं?

तीन मागतात तुलनेसाठी. तिन्ही एकाच दुकानदाराने वेगवेगळ्या लेटरहेडवर दिलेली असली की ओळखू येतात : तोच फॉन्ट, तीच शुद्धलेखनाची चूक. असं करू नका. जीएसटी वेगळा दाखवलेला हवा. अनेक वैद्यकीय उपकरणांवरचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून खाली आले, त्याआधीचं कोटेशन जोडलं तर मागणी फुगलेली दिसेल.

‘फाउलर बेड – १ नग’ एवढ्यावर विसंबू नका. सेमी-फाउलरला एकच हँडल असतं आणि फक्त पाठ उचलते. फुल फाउलरला दोन, पाठ आणि गुडघे दोन्ही. घरी द्यायचा बेड नट-बोल्टने खोलता आला पाहिजे, नाहीतर छोटा हत्तीतून इमारतीपर्यंत येईल आणि जिन्याच्या पहिल्या वळणावर अडेल. चाकांपैकी दोन तरी ब्रेकची हवीत. हँडल आत दुमडणारं घ्या, बाहेर राहिलेल्या हँडलवर घरच्यांच्या नडग्या फुटतात. बाजूचे कठडे वेगळे आकारतात का, तेही विचारून घ्या.

व्हीलचेअरमध्ये १८ इंची बैठकीच्या खुर्चीची एकूण रुंदी साधारण २५-२६ इंच भरते. आपल्याकडच्या कित्येक बाथरूमचं दार तेवढंच किंवा कमी. म्हणून थोड्या अरुंद बैठकीच्या आणि लहान चाकांच्या कमोड चेअरही मागा. साहित्य देताना घरच्यांना दार मोजायला सांगावं, फेरा वाचतो.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मागावेत का?

आधी कपाटात पडलेले मोजा. कोविडनंतर अनेक संस्थांकडे ते धूळ खात आहेत, आणि नुसते ठेवूनही ते खराब होतात. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या आतल्या झिओलाइटच्या दाण्यांना दमट हवा लागत राहिली की ते पाणी धरतात आणि ऑक्सिजनची शुद्धता घसरते. चांगल्या यंत्रातून ९३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन मिळायला हवा. दर पंधरवड्याला तास-दोन तास यंत्र चालवा, आणि देण्याआधी ऑक्सिजन ॲनलायझरने तपासा. हवा फुसफुस येते म्हणजे ऑक्सिजन येतो असं नाही. नव्या प्रस्तावात यंत्राआधी ॲनलायझर मागितला तर जुनी तीन-चार यंत्रं पुन्हा कामाला लागू शकतात, आणि देणगीदारालाही ही मागणी समजूतदार वाटते.

मागायचेच असतील तर (मिनिटाला) ५ लिटरचं आणि १० लिटरचं यंत्र वेगळं लिहा. ५ लिटरचं सुमारे ३५० वॉट घेतं, दिवसभर चाललं तर आठ-साडेआठ युनिट वीज. ही गोष्ट कुटुंबाला आधी सांगा, नाहीतर महिन्याचं बिल पाहून यंत्र रात्री बंद केलं जातं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, त्यावर लिटर लिहिल्याशिवाय देऊ नका. भारनियमन असलेल्या भागात सोबत सिलिंडरची सोय लागते.

देखभालीचे पैसे मागता येतात का?

मागायलाच हवेत. एएमसीत (वार्षिक देखभाल करार) येणं-जाणं आणि मजुरी असते, सुटे भाग वेगळे. सीएमसीत (सर्वसमावेशक देखभाल करार) भागही येतात, पण फिल्टर, नळी, मास्क बहुधा वगळलेले असतात. बेड-खुर्च्यांना करार नको, गावातला वेल्डर पुरतो. अंदाजपत्रकात ती ओळ ‘किरकोळ’ म्हणून लिहिली तर कापली जाते, ‘चाकं, ब्रेक, हँडल, रंग : दोन वर्षं’ असं लिहिलं तर बहुतेक वेळा टिकते.

सीएसआरमधून घेतलेलं साहित्य कोणाच्या मालकीचं?

कंपनीचं नाही. २०२१ च्या नियमदुरुस्तीनुसार अशी मालमत्ता सीएसआर क्रमांक असलेली धर्मादाय संस्था, लाभार्थ्यांचे बचत गट किंवा समूह, नाहीतर सार्वजनिक प्राधिकरण यांच्याच नावावर राहू शकते. बिल संस्थेच्या नावाने घ्या आणि नगावर क्रमांक कोरा, स्टिकर धुण्यात जातं. कंपनीचा लोगो लावायला हरकत नाही, पण पाठीला टोचेल अशा जागी धातूची पट्टी ठोकू देऊ नका.

प्राथमिक आरोग्य केंद्राला यंत्र देणगी द्यायचं आहे. वेगळं काय?

आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांचं लेखी मागणीपत्र घ्या, आणि तालुका किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची संमती. यंत्र केंद्राच्या डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) चढलं पाहिजे, त्या पानाची प्रत ही तुमची पोच. त्याआधी तीन प्रश्न : चालवणारा माणूस आहे का, रसायनं-कागद-प्रोब दरमहा कोण घेणार, आणि तिथली वीज पुरेल का. रक्ततपासणीचं यंत्र बंद पडतं ते बिघाडाने कमी आणि रिएजंट (तपासणीची रसायनं) संपल्याने जास्त. रुग्ण कल्याण समितीने तो खर्च उचलण्याचा ठराव केला असेल तर प्रस्तावाला जोडा.

शिबिरांसाठी सोनोग्राफी किंवा पोर्टेबल एक्स-रे मागता येईल का?

सोनोग्राफीचा विचार सोडा, जोवर तुमचं स्वतःचं केंद्र १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदलेलं नाही. नोंदणी नसलेल्या संस्थेला यंत्र विकणंही गुन्हा आहे. एक्स-रेला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो.

परदेशातलं महाराष्ट्र मंडळ पैसे पाठवायला तयार आहे. घेऊ का?

एफसीआरए (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर नका घेऊ, शंभर डॉलरही नाही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या काळात १५ लाख रुपये कामावर खर्च केलेले लागतात. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतो. ‘दुसऱ्या एफसीआरए संस्थेकडे पाठवू, ती आम्हाला वळवेल’ ही वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली.

भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचे, पण दुसऱ्या देशाचे नागरिक) मात्र परदेशी नागरिकच. म्हणून पासपोर्टची प्रत मागा. नातं जवळचं असलं तरी मागा, पुतण्याला राग आला तर येऊ दे. वस्तूरूपातली मदतही याच कायद्यात येते, आणि वापरलेली वैद्यकीय उपकरणं आयात करण्यावर वेगळे निर्बंध आहेत. कंटेनर भरून जुन्या व्हीलचेअर मागवण्याची कल्पना चांगली वाटली तरी बंदरात अडकते.

अनामत आणि भाडं घ्यावं का?

अनामत घ्याच. ती परत करायची रक्कम आहे, म्हणून ताळेबंदात देणं म्हणून दाखवा, जमेत धरू नका. शक्य तर वेगळ्या बचत खात्यात ठेवा. अनामत खर्चून बसलेलं केंद्र एका महिन्यात तीन बेड परत आले की अडचणीत येतं. भाड्याबद्दल देणगीच्या अटी वाचा. ‘मोफत’ लिहून घेतलं असेल तर सेवाशुल्कही नको. अट नसेल तर नाममात्र शुल्काने फायदा होतो : गरज संपल्यावरही माळ्यावर पडून राहिलेली खुर्ची लवकर परत येते.

जे साहित्य माणसाला कायमचंच लागणार आहे ते उसनं देण्याआधी सरकारी योजना पाहा. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून आणि दिव्यांगांना एडिप योजनेतून अलिम्को या सरकारी कंपनीची साधनं मिळतात. देणगीदारही हा प्रश्न विचारतात.

पैसे मिळाल्यानंतर काय द्यावं लागतं?

करारात लिहिलेलं सगळं, लिहिलेल्या तारखेला. साधारणपणे बिलं, बँक उतारा, स्थळ-वेळ दाखवणारे फोटो, सीएचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचं) आणि तिमाही वापराचा तक्ता. ८०जी असलेल्या संस्थेने देणगीदारांचं विवरण ३१ मेपर्यंत भरून त्यांना प्रमाणपत्र द्यायचं असतं, नाहीतर त्यांची वजावट अडते. नव्या करप्रणालीत गेलेल्या व्यक्तीला ही वजावट मिळतच नाही, तेव्हा ‘करात सूट मिळेल’ असं सरसकट सांगू नका. मंजूर बेड १६ ऐवजी १५ हजारांना मिळाले तर उरलेले पाच हजार परस्पर वॉकरवर खर्चू नका. एक ईमेल लिहा, परवानगी बहुतेक वेळा मिळते.

फोटोसाठी रुग्णाला बेडवर बसवून बॅनर धरायला लावू नका. रिकामा बेड, नगाचा क्रमांक, केंद्राची पाटी एवढं पुरतं. माणसाचा फोटो लागलाच तर लेखी संमती घ्या. आजाराचं नाव अहवालात असलं तर रुग्णाचं नाव नको.

नकार आला तर?

कारण विचारा, तेही फोनवर. पत्रात ‘प्राधान्यक्रमात बसत नाही’ एवढंच येतं, फोनवर ‘तुमचा हिशेब दोन वर्षांचाच होता हो’ हे कळतं.

मोडलेल्या साहित्याचं काय करायचं?

देणगीच्या करारात किती वर्षं सांभाळायचं लिहिलं असेल तर ती मुदत होईपर्यंत विकू नका. नंतर नगाच्या क्रमांकासह विश्वस्तांचा ठराव करा, मालमत्ता नोंदवहीतून नग कमी करा, भंगाराची पावती फाइलला लावा. कॉन्सन्ट्रेटर, नेब्युलायझर, मॅट्रेसचे पंप ई-कचऱ्यात जातात, भंगारवाल्याकडे नाही. आणि दोन मोडक्या बेडची चाकं, हँडल, कठडे काढून ठेवायला विसरू नका. पुढच्या वर्षी तिसऱ्याला तेच लागतात.